परातीतली इटली

आमची थोरली सात वर्षांची होती, तेव्हा दिवाळीनंतर तिला सांधेताप झाला. ताप उतरला, गुडघ्यांची सूजही गेली. पण डॉक्टरांनी बजावलं की हृदयाला ताण पोचता कामा नये, उन्हाळा लागेपर्यंत पोरीनं अंथरूण सोडायचं नाही. शाळा नाही, पळापळ नाही, जिना चढणं तर नाहीच. आमच्या घराला जिना नव्हता. तेवढं एक पथ्य आम्ही पहिल्या दिवसापासून काटेकोर पाळलं.

ही सत्तरच्या दशकातली, साताऱ्यातली गोष्ट. सदरबझारात एका निवृत्त सुभेदारांच्या घराचा अर्धा भाग आम्ही भाड्यानं घेतला होता. नवरा सरकारी कचेरीत, मी घरी, आणि दोन मुली. मी मूळची सांगलीची. सांगली आणि सातारा नकाशावर शेजारी आहेत, पण लग्न होऊन आले तेव्हा मला परदेशी आल्यासारखंच वाटलं होतं. सासरी पहिला आठवडाभर रोज ताटात काहीतरी गोड आणि त्यावर तुपाची धार. मला वाटलं, सातारची माणसं असंच जेवतात. मग एके दिवशी ताटात झुणका-भाकरी आली, आणि त्या दिवशी मी घरातली झाले. हा किस्सा मी मुलींना इतक्या वेळा सांगितला होता की धाकटी मधेच "आणि मग झुणका!" असं ओरडून माझा शेवट पळवायची.

थोरली दुसरीत होती, धाकटी पहिलीत. थोरलीचं वर्ष बुडालं तर जूनमध्ये दोघी एकाच वर्गात येणार, हे गणित घरात सगळ्यांत आधी धाकटीनं सोडवलं आणि खाटेपाशी येऊन उत्तर जाहीर केलं.

"ताई, जूनपासून तू माझ्याच बाकावर."

"मेले तरी बसणार नाही."

"बाई सांगतील तिथं बसायला लागतं."

"मग मी शाळेतच जाणार नाही."

थोरली रडली नाही. तिनं तोंड भिंतीकडे केलं आणि दुपारचं दूध घेतलं नाही. कडू गोळ्या न कुरकुरता गिळणारी पोर ती. तिनं दूध नाकारलं तेव्हा प्रकरण किती खोल गेलंय ते मला कळलं. दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले.

शाळेचे हेडमास्तर बारा महिने बंद गळ्याचा कोट घालत. टेबलावर घंटी होती. शिपाई दारातच उभा असे, तरी ते घंटी वाजवून त्याला बोलावत आणि तोही कुठूनतरी लांबून आल्यासारखा आत येई. त्यांच्या पाठीमागे काचेचं कपाट होतं, कपाटात पृथ्वीचा गोल होता, आणि कपाटाला कुलूप होतं.

"बाई, नियम तो नियम," ते म्हणाले. "हजेरी भरत नाही."

"तिनं धडे घरी केलेत, गुरुजी. पाढे येतात, वाचन येतं. तोंडी घेऊन बघा."

"घेऊ की! मी स्वतः घरी येऊन घेईन. मूल हे राष्ट्राचं धन आहे." इथे ते थोडे थांबले. टाळ्या झाल्या नाहीत म्हणून पुढे निघाले. "पण कार्यानुभवाचं काय?"

कार्यानुभव हा विषय तेव्हा नवीनच निघाला होता. मुलांनी आपल्या हातानं काहीतरी करायचं, असा त्याचा अर्थ. प्रत्यक्षात मुलं वर्गात पुठ्ठ्याच्या पेट्या करत आणि रात्री त्यांच्या आया त्या उसवून पुन्हा करत.

"एक देश करा," हेडमास्तर म्हणाले.

"काय करू?"

"देश. परदेश. तिथली माणसं, अन्न, भाषा, भूगोल, सगळं पोरीनं खाटेवर बसून हातानं करून दाखवावं. जग आता जवळ आलंय, बाई. एप्रिलात मी येतो. मला देश दिसला, तर पोर तिसरीत."

मी त्यांच्या मागच्या कुलूपबंद जगाकडे एकदा बघून घेतलं आणि घरी आले.

घरी सल्ल्यांना तोटा नव्हता. नवरा म्हणाला, "नेपाळ घे. एक डोंगर आणि एक टोपी, की झालं." मला इंग्लंड बरं वाटत होतं, कारण वाचनालयात पुस्तकं इंग्लंडवरच जास्त होती, ते लोक जाताना ठेवून गेले होते. थोरलीला विचारलं तर म्हणाली, "जवळचा घे." तिला वाटलं असावं, लांबचा देश घेतला तर डॉक्टर रागावतील.

शेवटी मी युरोपचं एक जाड पुस्तक आणलं आणि नकाशा तिच्या मांडीवर उघडला. तिनं बराच वेळ बघितलं आणि एका जागी बोट ठेवलं.

"आई, हा बूट आहे."

तिची खाट खिडकीशी होती आणि खिडकी सुभेदारांच्या ओसरीवर उघडत होती. ओसरीवर सुभेदार पेपर वाचत बसत. पेपर खाली आला.

"कुटला बूट, पोरी?"

"इटली, आजोबा."

"इटली व्हय! आमी हुतो की तितं, लढाईला."

ते इटलीत होते हे सगळ्या आळीला माहीत होतं. दर स्वातंत्र्यदिनाला छातीवर पदकं लावून ते ध्वजवंदनाला जात आणि नंतर चार शब्द बोलत. 'शत्रूच्या तोफा धडाडत होत्या' अशी सुरुवात असे. मी ते भाषण काही वर्षं ऐकत आले होते आणि माझ्या अंदाजानं दर वर्षी त्यात एक तोफ वाढत होती. आताही ते खुर्चीत ताठ झाले.

"शत्रूच्या तोफा—"

"तोफा नकोत, आजोबा," थोरली म्हणाली. "मला तोफ करता येणार नाही. बूट येईल."

सुभेदारांची तोफ पहिल्यांदाच अशी अर्ध्यात थांबली असेल. ते उठले, आत गेले, ट्रंक उघडल्याचा आवाज आला, आणि ते लष्करी बूट घेऊन आले. एकच. काळा, जाड, तळाला खिळे, आणि वर्षानुवर्षं तेल पाजून मऊ ठेवलेला. मागोमाग त्यांनी पितळेची मोठी परात आणली, आणि परातीमागोमाग त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकी, आल्या.

"आवं, ती परात कुटं न्हेताय? त्यात पीठ मळते म्या!"

"आगं, इटली ठेवायची हाय."

"तुमची इटली न्हाणीत ठेवा. परातीत पायताण ठेवतंय का कुनी?"

"पायताण न्हाई त्ये. देस हाय."

"देस आसंल तर मग तेलात का बरबटलाय?"

"पुसतो की!"

काकी नदीकाठच्या गावातल्या, ऊसवाल्या घरातल्या. त्या नवऱ्याला आवं-जावं करत, पण वाद त्याच जिंकत. त्या दिवशी मात्र त्यांनी खाटेवरच्या पोरीच्या तोंडाकडे बघितलं आणि परात सोडली. स्वतःसाठी त्यांनी शेजारणीकडून दुसरी मागून आणली आणि उन्हाळ्यापर्यंत तीच वापरली.

बूट आडवा करून परातीत ठेवला, चवडा पश्चिमेला. तांब्यानं पाणी ओतलं. तिन्ही बाजूंनी समुद्र झाला. पण लष्करी बूट घोट्याशी संपतो आणि इटली गुडघ्यापर्यंत आहे. थोरलीनं नकाशा बघून तक्रार केली की वरची इटली कमी पडते. तेव्हा सुभेदारांनी पायाला गुंडाळायची खाकी पट्टी आणली, थोरलीनं ती गुंडाळून गुंडाळून पोटरी केली आणि बुटाला जोडून परातीच्या काठावर टेकवली. चवड्यापुढे सिसिली नावाचं बेट हवं होतं. धाकटी स्वयंपाकघरातून गुळाचा तिकोनी खडा घेऊन आली. दिसायला तो हुबेहूब होता. संध्याकाळपर्यंत सिसिली विरघळली आणि समुद्राला मुंग्या लागल्या.

अशा रीतीनं इटली उभी राहिली. आता ती भरायची होती.

माझी पद्धत पुस्तकी. मी वाचनालयात बसून राजधानी, नद्या, पिकं, संगमरवर वगैरे गोळा करून आणी आणि सकाळी पोरीला सांगे. ती ऐकून घेई. दुपारी खिडकीतून सुभेदार शिकवत आणि तेव्हा ती ऐकत असे. दोहोंत फरक आहे. तो मला पहिल्याच आठवड्यात समजला आणि थोडा झोंबलाही.

त्यांची पद्धत अशी, की बुटाच्या नाडीच्या भोकांवर बोट ठेवून ते सांगत. "हितं टाचंला आमी बोटीतनं उतरलो. हितनं चालत चालत वर. ह्या दुसऱ्या भोकापाशी लय चिखुल. गुडघ्याएवढा! चौथ्या भोकाला नदी. पूल मोडल्याला. पाचव्याला बरफ. आन् वर गेलो पट्टीपतोर, तवा लढाईच संपली."

त्या बुटाची जी उभी शिवण, तोच इटलीचा डोंगर. डोंगराच्या अलीकडचं सगळं त्यांना माहीत. पलीकडचं विचारलं तर म्हणत, "त्ये दुसऱ्या पलटनीकडं हुतं."

आणि तेही तोफांचं नव्हे. सुभेदार तेव्हा शिपाई होते आणि त्यांच्याकडे एक खेचर होतं. भाषणातल्या तोफांखाली इतकी वर्षं ते खेचर दबून गेलं होतं. थोरलीनं ते बाहेर काढलं.

"खेचराला थंडी नव्हती वाजत?"

"वाजायची की. आमी त्येला आमचं कांबळं घालायचो."

"मग तुम्ही काय घालायचा?"

"आमी त्येला टेकून निजायचो."

काकी आतून ओरडल्या, "लगीन करून आले तवा रातभर लाथा झाडायचे. आत्ता कळलं, कुणासंगं निजायची सवं हुती ती!"

पुस्तकातला कलता मनोरा मी मोठ्या हौसेनं दाखवला. थोरलीनं विचारलं, हा कधी पडणार. पुस्तकात उत्तर नव्हतं. सुभेदारांनी चित्र हातात घेऊन लांब धरलं, जवळ धरलं. "वाकडी भिंत बगायला इतक्या लांब कशाला जायाचं? आमच्या गावच्या तालमीची बगा म्हनावं."

"आणि रोम, काका? रोम तरी बघितलंत?" मी विचारलं. पुस्तकात रोमला पंधरा पानं होती आणि मी ती सगळी वाचली होती.

"रोममदनं गेलो की. लॉरीतनं."

"कसं होतं?"

"ताडपत्री बांदल्याली हुती, सूनबाई. कायबी दिसलं न्हाई."

मी मनात म्हटलं, माझंही तसंच आहे. माझी ताडपत्री पंधरा पानांची, एवढंच.

हिवाळा असा गेला. सकाळी धाकटी दप्तर घेऊन निघताना ओसरीवरच्या सुभेदारांना 'बोंजोरनो' करी आणि ते पेपरातून तोंड न काढता 'जोरनो, जोरनो' म्हणत, राम रामाला राम राम म्हणावं तसं. काही दिवसांनी दूधवालाही बोंजोरनो म्हणू लागला. त्याला वाटलं, हे मिलिटरीतलं काहीतरी असेल. फेब्रुवारीत माझा भाऊ सांगलीहून आला आणि येताना तासगावकडची द्राक्षं घेऊन आला. सुभेदार म्हणाले, इटलीत द्राक्षाचे वेल या झाडावरून त्या झाडावर सोडलेले असतात. मग खाटेच्या चार खुरांना चार काठ्या बांधून सुतळीवर द्राक्षांचे घड टांगले. थोरली रात्रभर द्राक्षमळ्याखाली झोपली. सकाळी मळ्यात देठ तेवढे होते. चोर कोण, हे मी विचारलं नाही. दोघींचीही तोंडं चिकट होती.

थोरली मात्र मधूनच गप्प होई. शाळा सुटायच्या वेळी रस्त्यावर पोरांचा गलका आला की ती परातीतल्या पाण्यात बोट फिरवत राही आणि विचारी, "आई, हेडगुरुजींना दिसेल ना देश?"

"दिसेल."

"नाही दिसला तर?"

"तर तू अजून वर काहीतरी ठेव."

धाकटी तेवढ्यात ऐकायची. "नाही दिसला तर माझ्या बाकावर."

मग उशी उडे, आणि मी डॉक्टरांची आठवण करून देई.

राहिलं होतं अन्न. सुभेदार इटलीत मुख्यतः डबाबंद पदार्थ आणि पलटनीतल्या चपात्या खाऊन राहिले होते. पण एकदा ते तिथल्या एका घरी जेवले होते. ते त्यांनी पाचव्या भोकापाशी सांगितलं.

"बरफ पडत हुतं. खेचराच्या पायाला लागल्यालं. एका घरापाशी हुबा ऱ्हायलो. घराला निम्मंच छप्पर. आतनं एक बाई आली, आमच्या आयच्या वयाची. मला आत घेतलं, खेचराला बी आत घेतलं. आन् वाढलं काय? तर शेवया!"

"शेवया?" थोरली उठून बसली.

"शेवयाच. पर लांब, दोरीवानी. त्यात लसूण, तांबाटं. आन् वर कायतरी किसून घातलं. घालतीया, घालतीया, थांबंनाच. मोज्यासारका वास त्येला!"

"मग?"

"मग काय. खाल्लं. ती बाई जेवली न्हाई. बगत बसली."

एवढं सांगून ते पेपर वाचायला लागले. पेपर कालचा होता.

मार्चअखेरीला साताऱ्याकडे घरोघर शेवया होतातच. आमच्याही अंगणात यंत्र पाटाला आवळलं गेलं. काकी पीठ भरायच्या, मी दांडा फिरवायची, आणि खाली येणाऱ्या शेवया थोरली दोन्ही हातांवर झेलून काठीवर वाळत टाकायची. डॉक्टरांनी तोवर तिला खाटेवरून खुर्चीत यायची परवानगी दिली होती. एरवी शेवया हातभर झाल्या की तोडतात. थोरली तोडू देईना. इटलीच्या आहेत म्हणे. अंगणात काठीवर धोतरासारख्या लांब शेवया लोंबत होत्या आणि येणारी-जाणारी बाई थांबून विचारत होती, "काय वं काकी, घरात कुनाचं लगीन निगालं?"

इथवर काकी आमच्या बाजूनं होत्या. परीक्षेच्या आदल्या दिवशी मी शेवयांत लसूण आणि टोमॅटो घालायचं बोलले आणि त्या हात पुसत उभ्या राहिल्या.

"सूनबाई, पाव्हणा येनार. शाळेचा मास्तर. त्येला शेवयात लसूण?"

"इटलीत तसंच करतात, काकी."

"करूंद्यात. त्यांच्या घरी त्यांनी करावं. आपल्या दारात आल्याल्या मानसाला शेवया वाडायच्या तर त्यावर गुळवणी आन् तूप. माझ्या हातनं दुसरं व्हनार न्हाई."

"तुमच्या हातनं नकोच. मी करते."

"करा," काकी म्हणाल्या. या 'करा'चा अर्थ मला सांगलीत कळला असता. साताऱ्यात इतकी वर्षं राहूनही त्या दिवशी कळला नाही.

एप्रिलातल्या एका सकाळी हेडमास्तर आले. कोट होताच. ओसरीवर सुभेदार पदकं लावून उभे होते. दोघांनी एकमेकांना इतक्या अदबीनं नमस्कार केला की मला वाटलं आता राष्ट्रगीत होईल. खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि परीक्षा सुरू झाली. थोरली नवा फ्रॉक घालून खुर्चीत बसली होती, पुढे स्टुलावर परात. तिचे पाय जमिनीला पोचत नव्हते आणि ते हलत नव्हते. धाकटी दाराला धरून उभी होती. शाळेला सुट्टी नव्हती, पण तिचं पोट दुखत होतं.

पाढे झाले. वाचन झालं. हेडमास्तर परातीकडे वळले.

"हं. इटलीची राजधानी?"

"रोम."

मी श्वास सोडला.

"शाब्बास. रोम शहर कसं आहे?"

मी तिच्याकडून पंधरा पानांचा सारांश पाठ करून घेतला होता. सात टेकड्या, नदी, जुनी देवळं. थोरलीनं माझ्याकडे बघितलं, मग सुभेदारांकडे.

"ताडपत्री बांधलेली होती," ती म्हणाली.

हेडमास्तरांनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. सुभेदार खाकरले आणि त्यांनी छाती पुढे काढली. "त्याचं आसं झालं, गुरुजी. शत्रूच्या तोफा—"

"आजोबा, चौथं भोक," थोरली हळूच म्हणाली.

आणि सुभेदार पदकांसकट परातीशी उकिडवे बसले. चिखल, नदी, मोडलेला पूल, खेचर, बर्फ. हेडमास्तर आधी खुर्चीतून वाकून ऐकत होते, मग खुर्ची पुढे ओढून ऐकू लागले. पट्टीचं टोक येईपर्यंत त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. मला वाटलं, जमलं. मी ताटली आणायला आत निघाले, तर काकींनी ती भरून हातातच दिली. मी गडबडीत होते. बाहेर आणून हेडमास्तरांच्या पुढे ठेवली तेव्हा मला दिसलं.

शेवया लांब होत्या. लसूण होता, टोमॅटोही होता. आणि या सगळ्यावर काठोकाठ गुळवणी ओतलेली होती, वेलदोड्याचा वास येत होता, आणि मधोमध तुपाचा गोळा हळूहळू विरघळत होता.

आता ताटली उचलणं शक्य नव्हतं. हेडमास्तरांनी चमचा भरला. चावले. डोळे जरा मोठे झाले. गिळले. आणि मग ते सभेत बोलतात त्या आवाजात म्हणाले, "वा! अप्रतिम! परदेशी चव लगेच ओळखू येते बरं का. आंबट, तिखट, गोड, सगळ्यांचा समन्वय! ही प्रगत राष्ट्रांची दृष्टी." त्यांनी थोरलीकडे बघितलं. "म्हणजे बाळ, इटलीतले लोक शेवया अशा खातात तर."

प्रश्न सोपा होता. 'हो' म्हटलं की तिसरी. हेडमास्तर स्वतःच उत्तर देऊन बसले होते आणि त्यावर भाषणही झालं होतं. ते खोडून काढणं म्हणजे काय, हे माझ्या पोरीलाही कळत होतं. तिनं ताटलीकडे बघितलं. मग दाराशी उभ्या धाकटीकडे. तिचे पाय हलायला लागले.

"नाही," ती म्हणाली. "गुळवणी आजींनी घातली. तुम्ही पाहुणे म्हणून."

चमचा ताटलीवर थांबला. दाराआडून आवाज आला, "मग? पाव्हण्याला कोरड्या वाडायच्या व्हय?"

हेडमास्तरांचा चेहरा कोटाच्या गळ्यापासून वर लाल होत गेला. "अस्सं," ते म्हणाले. "मग इटलीतले लोक त्या कशा खातात? तोच तर प्रश्न आहे. ते तरी सांग."

"ते आम्हाला कळलंच नाही."

"कळलं नाही?"

"आजोबांनी एकदाच खाल्ल्या. एका बाईच्या घरी. पण आजोबा पण पाहुणेच होते ना." ती एकेक शब्द जुळवत होती. "त्या बाईनं वर किसून किसून पुष्कळ घातलं. पाहुण्यांना घालतात तसं. तिच्या घरी रोज कसं करतात, ते आजोबांना कुठे माहीत? माझी आई साताऱ्याला आली तेव्हा तिलाही रोज गोडच वाढत होते."

"आणि मग झुणका!" धाकटी दारातून म्हणाली.

 सुभेदार बुटाकडे बघत होते. त्यांचं बोट पुन्हा पाचव्या भोकापाशी गेलं होतं. "खरं हाय," ते हळूच म्हणाले. "घरात तिच्या दुसरं कायबी नसंल. म्हनून जेवली न्हाई ती."

मी हेडमास्तरांकडे बघत होते. त्यांनी चमचा खाली ठेवला, हात वर नेला आणि कोटाच्या गळ्याचा हूक काढला. तो निघतो हे मला तोवर माहीत नव्हतं.

"म्हणजे मी हे जे खाल्लं, हा साताराच," ते म्हणाले.

"हो. पाहुण्यांचा सातारा."

आणि ते हसले. भाषणातलं नव्हे, साधं, पोट हलवून. "माझी आई गुळवणी अशीच करायची," ते दाराकडे बघून म्हणाले. "आजी, अजून थोडं वाढा. फक्त लसूण बाजूला काढा."

"मी काय सांगितलं हुतं!" काकी माझ्याकडे बघून म्हणाल्या.

निघताना ओसरीवर चपला घालता घालता ते म्हणाले, "तिसरी." हूक पुन्हा लावला होता. मी आत वळून बघितलं. थोरलीनं दोन्ही हात परातीत घातले होते आणि समुद्राचं पाणी ती धाकटीच्या अंगावर उडवत होती. डॉक्टरांची आठवण मी त्या वेळी केली नाही.

जूनमध्ये दोघी शाळेत गेल्या. थोरली सावकाश चालायची आणि धाकटी पुढे पळून पुन्हा मागे यायची. पृथ्वीचा गोल कपाटातच होता. धाकटीनं बातमी आणली की एकदा बाहेर काढला, पुसला आणि परत ठेवला. बूट ट्रंकेत गेला. परात काकींकडे गेली, पण बरेच दिवस त्या तिला 'इटली' म्हणत होत्या: "आगं, ती इटली घासून ठेव." त्या स्वातंत्र्यदिनाला सुभेदारांच्या भाषणात एक खेचर आलं. तोफा होत्याच, पण वाढल्या नाहीत.

एक गोष्ट मला उशिरा कळली, धाकटीच्या बाईंकडून. दिवाळीपासून ही आपल्या बाकावर दुसऱ्या कुणाला बसूच देत नव्हती. शेजारी दप्तर ठेवायची आणि म्हणायची, इथे माझी ताई येणार आहे. दुसरीच्या वर्गात गेल्यावरही तिनं दप्तर तसंच ठेवलं.

मी घरी येऊन थोरलीला हे सांगितलं.  दुसऱ्या दिवसापासून मधल्या सुट्टीत ती आपला डबा घेऊन धाकटीच्या वर्गात जाऊ लागली. धाकटी दप्तर उचलायची, बाक फ्रॉकनं पुसायची, आणि आपल्या डब्यातला गूळ अख्खा तिच्या पोळीवर ठेवायची.

"तुला नको?" थोरली विचारायची.

"तू खा. तू पाहुणी आहेस."